हंग कर्डचा जाळीवाला डबा : काकडीच्या ग्रीक डिपला झकास, श्रीखंडाला अपुरा

दह्यातलं पाणी निथळून चक्का करायचा हा डबा चांगलाय. घ्यावा का, तर घ्यावा, पण कशासाठी घेताय ते आधी ठरवा, कारण पाडव्याला दहा-बारा माणसांचं श्रीखंड ह्याच्यात होईल असं मनात असेल तर पैसे घालू नका, होत नाही. मी घेतला तो काकडीच्या ग्रीक डिपसाठी. त्झात्झिकी म्हणतात त्याला. पोरं पुण्याला माझ्या नणंदेकडं गेली होती, तिथं कुठल्यातरी कॅफेत खाऊन आली आणि आल्यापासून डोकं खाल्लं माझं, मम्मी ते पांढरं कर, ते पांढरं कर. लातुरात आता सगळं मिळायलंय, मोमो मिळतात, शोरमा तर कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो, पण शोरम्यासोबत जे देतात ते निव्वळ मेयोनीज, त्यात दह्याचा थेंब नसतो. म्हणून घरी करायचं ठरलं. आणि खरं बघितलं तर ह्या पदार्थात करायचं असं काहीच नाही, शिजवायचं नाही, फोडणी नाही, सगळा खेळ पाण्याचाय. दह्यातलं पाणी काढा, काकडीतलं पाणी काढा, झालं. आत जेवढं पाणी राहील तेवढी ती आपली नेहमीची कोशिंबीर होत जाते. कोशिंबीर काय वाईट नसते, पण मग ग्रीसचं नाव कशाला घ्यायचं.

तर डबा. बाहेर पारदर्शक प्लास्टिकचा डबा, आत त्याच्याच मापाची जाळीची टोपली, ती खालच्या तळापासून तीन-चार बोटं वर अडकून राहते, वरून झाकण. टोपलीत दही टाकायचं, झाकण लावायचं, फ्रीजमध्ये ठेवायचं, पाणी खाली साचतं. एवढंच तंत्र आहे. ऑनलाइन ह्याला कुणी हंग कर्ड मेकर म्हणतं, कुणी योगर्ट स्ट्रेनर, कुणी चक्का मेकर, वस्तू एकच. मला पाचशेच्या आत पडला. ह्याच्यात दोन जाती आहेत, एक नायलॉनच्या जाळीची आणि एक स्टीलच्या जाळीची. स्टीलचीच घ्या. माझ्या जावेकडं नायलॉनची आहे, तिनं एकदा त्यात लसूण घातलेलं दही ठेवलं तर पुढं श्रीखंडाला वास, आणि ती जाळी मधे सैल पडून पोट काढल्यासारखी खाली लोंबायलीय. स्टीलची ताठ राहते, वास धरत नाही, फक्त कडेला जिथं जाळी प्लास्टिकच्या चौकटीत बसवलीय तिथं बारीक फट असते आणि त्या फटीत दही जाऊन बसतं, त्याचं पुढं सांगते कारण माझी मुख्य तक्रार तीच आहे.

मापाबद्दल मात्र ह्यांनी थाप मारलीय. जाहिरातीत एक लिटर. तो एक लिटर बाहेरच्या डब्याचा, दही जातं टोपलीत, आणि टोपलीत काठोकाठ भरलं तरी पाऊण किलोच्या वर जात नाही, वर परत झाकण टेकून त्याला दही लागतं. म्हणजे एका खेपेला चक्का निघणार साडेतीनशे-चारशे ग्रॅम. चौघांच्या घरात डिपसाठी हे भरपूर झालं, उरतं सुद्धा. सणासुदीला मात्र जुनं फडकंच बाहेर काढावं लागतं.

आता वापरायची पद्धत, कारण सोबत जो कागद येतो त्यावर चित्रं आहेत नुसती. दही ढवळायचं नाही. ही एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी बास. विरजण लागलेलं दही डावानं मोठमोठे खाप काढून अलगद टोपलीत ठेवायचं, जसं लागलंय तसं. ढवळलं की ते बारीक होऊन जाळीतून खाली जातं आणि मग लोक म्हणतात जाळी खराब आहे. सुरवातीला जे पाणी येतं ते थोडं दुधाळ असतं, जाळीच्या भोकांवर दह्याचा थर बसला की मग स्वच्छ निवळी यायला लागते, हिरवट पिवळी. तो रंग बघून आमच्या पोरीनं दही नासलं म्हणून बोंब मारली होती, नासलेलं नसतं, तो बी-टू जीवनसत्त्वाचा रंग आहे, दुधात तो असतोच, पांढऱ्यात दिसत नाही एवढंच. तीन-चार तासांत दही घट्ट रायत्याइतकं होतं. डिपला तेवढं चालत नाही. रात्री जेवणं झाल्यावर लावून ठेवायचं आणि सकाळी बघायचं, चमचा उभा घातला तर उभाच राहिला पाहिजे. आणि अजून एक, टोपली फ्रीजमधून काढल्यावर लगेच पालथी घालू नका, खालचा थर घट्ट आणि वरचा ओला असतो, आधी आतल्या आत एकदा कालवून सारखं करून घ्या.

फडक्यात बांधून नळाला टांगायचं सोडून हे कशाला, असं आमच्याकडं घरात पहिल्या दिवशीच विचारून झालं. प्रश्न बरोबरच आहे. हिवाळ्यात फडकं बेस्ट, त्याला तोड नाही, पाणी पटकन निघतं, वजनानं आपोआप दाबलं जातं. पण आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये पारा बेचाळीसच्या पुढं जातो, स्वयंपाकघरात तर भट्टीच, अशात फडक्यात टांगलेलं दही दुपारपर्यंत इतकं आंबट होतं की श्रीखंडात साखर ओतून ते झाकता येतं, डिपमध्ये काय ओतणार? ह्या डिपमध्ये साखर नसते. दह्याची चव जशी आहे तशी तोंडात येते, त्यामुळं दही गोडसरच पाहिजे आणि गोडसर ठेवायचं तर पाणी फ्रीजमध्येच निथळलं पाहिजे. फ्रीजमध्ये फडकं टांगायला जागा कुठंय? टांगलं तरी उघडं राहतं, कालच्या भाजीचा वास धरतं. बंद डब्याचा फायदा हा आहे, बाकी काही नाही.

आणि पाचशे रुपये वाचवायचे असतील तर तेही सांगते, विक्रेत्याला राग आला तर येवो. पीठ चाळायची नाही, भाजी धुवायची स्टीलची चाळणी घ्या, पातेल्यावर बसवा, आत दुहेरी मलमलचं फडकं, त्यावर दही, फडक्याची टोकं वर दुमडा, वर ताटली आणि ताटलीवर छोटा खलबत्ता नाहीतर पाण्याची बाटली. फ्रीजमध्ये हे मावत असेल तर डब्याची गरज नाही, चक्का तंतोतंत तसाच होतो, उलट वजनामुळं लवकर होतो. माझ्या फ्रीजमध्ये पातेलं-चाळणी-बाटली असा मनोरा मावत नाही, खालच्या कप्प्यात पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या आणि वरच्यात कणीक आणि लोणी असतं, म्हणून मी डबा घेतला.

दही कुठलं हा डब्यापेक्षा मोठा प्रश्न आहे. पिशवीतलं टोन्ड दूध असेल तर राहू द्या, त्याच्या दह्यातून पाणीच जास्त निघतं आणि खाली जो चक्का राहतो तो कोरडा, रवाळ लागतो. म्हशीचं दूध घ्या, साय न काढता. ग्रीसमध्ये जुन्या पद्धतीचं दही मेंढीच्या नाहीतर शेळीच्या दुधाचं असायचं, अजूनही तिकडं मेंढीच्या दुधाचं मिळतं, आणि मेंढीच्या दुधात फॅट सहा-सात टक्के असतं, गाईच्या दुधापेक्षा बरंच जास्त. आपल्या म्हशीचंही तेवढंच, कधी जास्तच. म्हणजे परदेशातले लोक रेसिपीत गाईच्या दुधाचं ग्रीक योगर्ट वापरायलेत आणि आपल्याकडं दारात येणारं म्हशीचं दूध अस्सल मालाच्या जास्त जवळचं आहे. आमच्या गवळीमामांकडं मराठवाडी म्हशी आहेत, दूध कमी देतात पण दाट देतात, दही असं लागतं की भांडं तिरकं केलं तरी हलत नाही. देवणी गाईच्या दुधाचंही करून बघितलंय, शेवटी देवणी आपल्याच जिल्ह्यातली, चव गोड आली, पण डिप थोडा सैलसर होतो, चक्क्याला चार तास जास्त द्यावे लागतात. विरजण कमी लावा, अर्धा लिटरला अर्धा चमचा, उन्हाळ्यात तर त्याहून कमी, आणि लागलं की लगेच फ्रीजमध्ये, तासभर सुद्धा बाहेर नको.

आता म्हणाल, एवढं सगळं करण्यापेक्षा मॉलमधून ग्रीक योगर्टचा डबा आणला तर? आणला मी, तुलना करायची म्हणून मुद्दाम. साधं, बिनफ्लेवरचं आधी तर मिळतच नाही आमच्याकडं, ब्लूबेरी, स्ट्रॉबेरी, मँगो ह्यांची लाईन लागलेली असते आणि साधं विचारलं की तो पोरगा श्रीखंड दाखवतो. मिळालं ते चारशे ग्रॅम दोनशेच्या घरात. वाईट नव्हतं, गुळगुळीत होतं, पण तोंडात एक चिकटपणा राहायचा. डब्याच्या मागचं वाचा, कायम वाचा. दूध आणि विरजण एवढंच लिहिलेलं असेल तर ते खरोखर निथळून केलेलं असण्याची शक्यता जास्त. मिल्क सॉलिड्स, स्टार्च, स्टॅबिलायझर असं लिहिलं असेल तर घट्टपणा पावडरीचा आहे, पाणी आतच आहे, आणि त्यात मीठ लावलेली काकडी पडली की तासाभरात वर तळं साचतं. प्रोटीनचा आकडाही बघा, नीट निथळलेल्यात शंभर ग्रॅमला आठ-दहा ग्रॅम असतं, साध्या दह्यात तीन-चार. इंग्लंडमध्ये ह्यावरून कोर्टकचेरी झालेली आहे, फागे नावाच्या ग्रीक कंपनीनं चोबानी नावाच्या अमेरिकन कंपनीला कोर्टात खेचलं की तुम्ही अमेरिकेत बनवता आणि डब्यावर ग्रीक योगर्ट कसं लिहिता, २०१३ मध्ये निकाल फागेच्या बाजूनं लागला आणि २०१४ मध्ये अपिलातही तोच कायम राहिला. तिथं आता ग्रीसमध्ये न बनलेल्याला ग्रीक स्टाईल म्हणावं लागतं. आपल्याकडं कुणीही काहीही लिहितं म्हणून मागचा बारीक टाइप वाचायचा.

आमच्या गंजगोलाई बाजारपेठेजवळच्या एका डेअरीचा सुटा चक्का हा तिसरा पर्याय. किलोला तीनशेच्या आसपास. श्रीखंडाला चांगला असतो, डिपला आंबट निघाला, दोन वेळा दोन ठिकाणचा आणला तरी आंबटच, कारण तो बनतोच साखरेच्या हिशेबानं. आणायचाच असेल तर दुकानात बोटभर चाखून घ्या, लाजू नका, सकाळी आलेला का कालचा तेही विचारा. चव गोड असेल तर मग डबा-बिबा सगळं सोडा आणि तोच आणा.

काकडी. इथं खरी मजा आहे आणि इथंच बहुतेकांचं डिप बिघडतं. काकडीत पंचाण्णव टक्के पाणी असतं, म्हणजे तुम्ही रात्रभर दह्यातलं पाणी काढलं आणि सकाळी काकडी किसून टाकली की तेवढंच पाणी परत आत. तर काकडी किसायची, मोठ्या भोकाच्या किसणीनं, बारीक किसली तर लगदा होतो, पाव चमचा मीठ लावायचं आणि वीस मिनिटं बाजूला ठेवायचं. मग पंच्यात नाहीतर स्वच्छ रुमालात घेऊन पिळायचं, आणि पिळायचं म्हणजे धुणं पिळतात तसं, मनगट दुखेपर्यंत. थेंब थांबले असं वाटलं की पुरचुंडी उघडून किस हलवायचा, परत बांधायची, परत पिळायची, दुसऱ्यांदा पुन्हा निघतं. एका मध्यम काकडीचं जवळजवळ अर्धी वाटी पाणी येतं, हिरवं, वास लई सुंदर असतो त्याचा, मी त्यात लिंबू पिळून पिऊन टाकते, मीठ आधीच पडलेलं असतं. रुमालात राहतो तो किस मुठीत मावेल एवढा, हिरवा गोळा, हातानं मोकळा केला की करकरीत लागतो. पोरांना बघून वाटतं काकडी गेली कुठं.

काकडीच्या जातीबद्दल. ती गडद हिरवी लांब चायना काकडी मिळते ना, सालीला बारीक वळ्या असलेली, ती ह्याला सगळ्यात सोयीची, बिया नावाला असतात, साल काढायची गरज नाही, साल ठेवली की डिपमध्ये हिरवे ठिपके छान दिसतात. गावरान पांढुरकी हिरवी असेल तर उभी चिरून चमच्यानं मधला बियांचा गर काढून टाका, सगळं पाणी त्या गरातच असतं. पावसाळ्यानंतर रानातून वाळकं येतात, चवीला वाळकासारखं काही नाही, मीठतिखट लावून बांधावर बसून खावं, पण डिपला चालत नाही, बी जाड आणि गर मऊ, पिळलं की नुसता चोथा. आणि कुठलीही घ्या, कापल्याबरोबर चाखायची. कडू असेल तर देठाकडचं दोन बोटं कापून परत चाखायची, कडूपणा देठाकडं आणि सालीखाली जास्त असतो. टोक कापून त्याच काकडीवर गोल गोल घासायचं आणि फेस काढायचा हे आपण सगळेच करतो, आजीनं शिकवलंय, मीही करते, पण काम होतं ते टोक कापल्यानं, घासल्यानं नव्हे.

लसूण कच्चाच. दोन पाकळ्या, गावरान बारीक असेल तर चार, मिठासोबत खलबत्त्यात पेस्ट होईपर्यंत ठेचायचा. लसूण ठेचला की त्याचा तिखटपणा तयार होतो आणि दह्यात मुरत जातो, त्यामुळं कालवल्या कालवल्या चाखून अजून लसूण घालू नका, दोन तासांनी तोच डिप डोळ्यांत पाणी आणेल. पाहुणे यायचे असतील तर एकच पाकळी.

शेपू हा आपल्यासाठी गंमतीचा भाग. आपल्याकडं शेपूची भाजी म्हणलं की पोरं ताटावरून उठतात, आणि तिकडं त्झात्झिकीत डिल घालतात ते म्हणजे आपलं शेपूच, आपल्याकडचा जरा उग्र असतो एवढाच फरक. कोवळी वरची झिपरी तेवढी घ्यायची, दांडा अजिबात नको, बारीक चिरून एक चमचा. तेवढ्यात कळत सुद्धा नाही की शेपू आहे, एक थंड वास येतो फक्त. माझा मुलगा, जो शेपूच्या भाजीच्या दिवशी लोणचं-भाकरी खातो, तो हे बोटानं चाटायलाय, मी सांगितलेलं नाही अजून, तुम्हीही सांगू नका. नको असेल तर पुदिना घाला, ग्रीसमध्ये तोही घालतात काही जण. कोथिंबीर नको, कोथिंबीर घातली की झाली कोशिंबीर.

तेल. मूळ पदार्थात ऑलिव्ह ऑइल, एक्स्ट्रा व्हर्जिन, एक टेबलस्पून आत आणि थोडं वरून. महाग आहे, पण लहान बाटली आणा, दुसऱ्या कशाला वापरायची नसली तरी हिथं ते हवं, त्याचा जरासा कडवट तिखटपणा दह्याला उठाव देतो. नसेल तर करडईचं. घाण्याचं नको, त्याचा वास दह्यावर बसतो, रिफाइंड करडई घ्या, ते गुपचूप राहतं आणि फ्रीजमध्ये थिजत नाही. एकेकाळी आपल्याकडं प्रत्येक घरात करडईचं तेल असायचं, परभणीच्या कृषी विद्यापीठानं परभणी कुसुम नावाची करडईची जात सुद्धा काढलीय, आता सगळे सोयाबीनवर गेले ती गोष्ट वेगळी. शेंगदाण्याचं तेल मात्र ह्यात नकोच, चव लगेच चटणीकडं जाते. आंबटाला लिंबाचा रस नाहीतर पांढरं व्हिनेगर एक छोटा चमचा, आणि दही आधीच आंबट असेल तर तेही सोडून द्या.

कालवायचं प्रमाण माझं असं बसलंय : अडीचशे ग्रॅम चक्का, एका मध्यम काकडीचा पिळलेला किस, लसूण, शेपू, तेल, आंबट, मीठ सगळ्यात शेवटी कारण काकडीत आणि लसणात मीठ आधीच गेलेलं असतं. चमच्यानं कालवायचं. मिक्सर नको, मिक्सरमध्ये चक्का पातळ पडतो आणि रात्रभराची मेहनत वाया. दोन तास फ्रीजमध्ये ठेवून मग काढायचं. तुर्कस्तानात ह्याचाच पातळ प्रकार करतात, जाजिक म्हणतात, दह्यात पाणी घालून वाटीत चमच्यानं खातात. मे महिन्यात दुपारी तोही छान लागतो, उरलेल्या डिपमध्ये थंड पाणी घाला की तयार.

खायचं कशासोबत? तिकडं सोव्लाकी आणि गायरोस हे भाजलेल्या मांसाचे प्रकार, पिटा ब्रेड, आणि वांग्याचे नाहीतर झुकिनीचे तळलेले काप. पिटा इथं मिळत नाही आणि मिळाला तरी शिळा असतो. मी धपाट्यांसोबत दिलं. तव्यावरून उतरलेलं गरम धपाटं, ज्वारीचं, तीळ लावलेलं, आणि त्यावर हे थंड घट्ट, खरंच सांगते, दह्यासोबत धपाटं खाणाऱ्या माणसाला हे काही वेगळं शिकवायची गरज पडत नाही. फक्त धपाट्यात लसूण-मिरची कमी घाला, दोन्हीकडं लसूण झाला की दुसऱ्या दिवशी घरात बोलायला कुणी जवळ येत नाही. वांग्याचे काप रवा लावून तळले त्यासोबत त्याहून भारी. तंदूर चिकनसोबत मिस्टरांनी संपवलं, मला चवीपुरतं सुद्धा राहिलं नाही. मला वाटलं होतं सासूबाईंना कच्च्या लसणाचं काहीतरी वाटेल, पण लसणाचं तिखट दह्यात कालवून त्या आयुष्यभर भाकरीला लावून खात आल्यात, त्यांना लसणाचं काहीच नाही वाटलं. त्यांचं म्हणणं वेगळंच, "अगं माय, शेपू न शिजवता? पोट दुखंल लेकराचं." मी म्हणलं आत्या चाखा तर. चाखलं, परत घेतलं, आणि म्हणाल्या दाण्याचा कूट घातला असता तर. नाही घालायचा. घातला नाही.

खाली साचलेलं दह्याचं पाणी टाकू नका. कणकेत घाला, चपात्या मऊ होतात, धपाट्याचं पीठ तर त्यातच मळा, कढीला घाला. वरणात घालणार असाल तर डाळ शिजल्यावर, आधी घातलं तर आंबटपणामुळं डाळ लवकर मऊ पडत नाही. बरंचसं कॅल्शियम त्या पाण्यातच उतरलेलं असतं, ते मोरीत ओतायचं म्हणजे पैसे ओतल्यासारखंच.

पाण्यावरून आठवलं, माझी मुख्य तक्रार. धुणं. जाळीत दही वाळलं की संपलं, भोकं बुजतात, आणि त्या चौकटीच्या फटीत गेलेलं दही तर घासणीनं निघतच नाही, जुना टूथब्रश लागतो आणि नळाखाली चांगलं पाच मिनिटं धरावं लागतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं गाव आहे हे, एका डब्यासाठी पाच मिनिटं नळ सोडून ठेवणं माझ्या जिवावर येतं. उपाय एकच, चक्का काढल्याबरोबर, वाळायच्या आत, टोपली एका मोठ्या भांड्यात थंड पाण्यात बुडवून ठेवायची, अर्ध्या तासानं ब्रश मारायचा, भांड्यातलं पाणी कुंड्यांना. गरम पाणी आधी अजिबात नको, गरम पाण्यानं दही घट्ट होऊन जाळीला चिकटतं. आमच्या कामवाल्या मावशींनी पहिल्याच दिवशी तारेच्या घासणीनं घासायला घेतला होता, वेळेत बघितलं म्हणून बरं, तारेनं जाळीची भोकं मोठी होतात.

डिप दोन दिवस चांगला राहतो, तिसऱ्या दिवशी लसूण अंगावर येतो. वर थोडं पाणी सुटलं तर घाबरू नका, कालवून घ्या.

घेणार असाल तर एकटा डबा घ्या, कॉम्बो नको, त्या कॉम्बोमध्ये जो स्पॅचुला आणि माप देतात ते खेळण्यातलं असतं आणि दीडशे-दोनशे वाढवतात. रिव्ह्यू वाचताना फोटोवाले वाचा, आणि फोटोत जाळी काळसर दिसायलीय का चंदेरी ते बघा, काळसर असली तर बहुतेक नायलॉन. घरी आला की दही टाकायच्या आधी टोपली खिडकीसमोर उजेडात धरा आणि कडेनं बोट फिरवा, मला आधी आलेल्या नगात एका कोपऱ्यात जाळी चौकटीतून सुटलेली होती, बोट आरपार जात होतं. परत पाठवला, बदलून मिळाला, भांडावं लागलं नाही पण आठवडा गेला. रिटर्नची मुदत बघून ठेवा आणि तोपर्यंत खोकं फेकू नका.